कोळुकट्टैला कोळुकट्टैच म्हणावे

परभाषेतील पदार्थाचे नाव वाचकाला अडते, म्हणून त्याच्या जागी ओळखीचा मराठी शब्द योजावा, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. पाठ्यपुस्तकाच्या कामात ही सवय सोयीची असते. काही वर्षांपूर्वी एका पाठाच्या मसुद्यात ‘कोळुकट्टै’ हा तमिळ शब्द आला. तो काढून तेथे ‘दाक्षिणात्य मोदक’ असे लिहावे, ही सूचना मीच केली आणि ती मान्यही झाली. घरी परतताना मात्र मन खाऊ लागले. हीच चूक मी नऊ वर्षांचा असताना एकदा केली होती, आणि ती जिच्यापुढे केली त्या वृद्ध स्त्रीचा चेहरा मला आठवला.

वडिलांच्या नोकरीमुळे 1978 साली आम्ही तिरुचिरापल्लीला राहावयास गेलो. शेजारी तिरुनेलवेलीकडील एक कुटुंब होते. त्या घरातील आजींना सगळी आळी ‘पाट्टी’ म्हणत असे. तमिळमध्ये आजीला हाच शब्द आहे. पाट्टींना अक्षरओळख नव्हती. किराणा मालाच्या यादीवर त्या अंगठा टेकवीत आणि मग एकेक जिन्नस तोंडाने बिनचूक सांगत. पुढच्या वर्षी गणेशचतुर्थीला, जिला तिकडे विनायकचतुर्थी म्हणतात, त्यांनी केळीच्या पानावर झाकून काही पांढरे आणि काही तपकिरी गोळे आमच्या घरी आणून दिले. पांढऱ्यांत खोबऱ्या-गुळाचे पुरण होते. तपकिरी गोळे मात्र ओबडधोबड, लांबट, जणू मातीची ढेकळे. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, “पाट्टी, हे मोदक ना? आमच्या आईच्या मोदकांना कळ्या असतात. तुमचे बिघडले का?”

पाट्टी क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी एक तपकिरी गोळा उचलला, माझा हात ओढून माझी बोटे त्याच्या अंगावरील खाचांत बसविली. माझी बोटे त्या खाचांत सैल पडली. “पिडि,” एवढेच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. आईने त्या दिवशी मला जेवताना गोड वाढले नाही.

‘पिडि’ म्हणजे मूठ, पकड. ‘पिडि कोळुकट्टै’ म्हणजे मुठीत दाबून केलेला गोळा. तांदूळ भिजवून, सावलीत वाळवून, कांडून त्याची पिठी करायची आणि ती मंद आचेवर भाजायची. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, कारण गुळात बारीक खडे असतात. त्या पाण्यात भाजलेली मूगडाळ, नारळाचे बारीक काप व वेलदोडा घालून उकळी आणायची, पिठी ओतायची, आणि हाताला सोसवेल इतके गरम असतानाच मूठ आवळून गोळे करायचे. नंतर दहापंधरा मिनिटे वाफ. पीठ कमी भाजले तर गोळा चिकट होतो. पाणी कमी पडले तर त्याला तडे जातात. पाट्टींजवळ माप नव्हते. पिठाचा वास बदलला की त्या भांडे उतरवीत. कळी नाही, साचा नाही. करणारीची चार बोटे त्या पदार्थावर उमटलेली असतात, आणि हेच त्याचे रूप आहे. उकडीच्या मोदकात बोटांचे सारे कसब बोटांच्या खुणा लपविण्यात असते. पिडि कोळुकट्टैमध्ये त्या खुणा उघड ठेवावयाच्या असतात. अशा पदार्थाला ‘बिघडलेला मोदक’ समजणारा मी लहान होतो, हे खरे. पण समितीच्या बैठकीत मी लहान नव्हतो.

कोणी म्हणेल, मोदक हा शब्द तमिळला परका थोडाच आहे? आक्षेप योग्य आहे. ‘मदुरैक्कांची’ या संगमकालीन काव्यात मदुरेच्या रात्रीच्या बाजाराचे वर्णन आहे आणि त्यात मोदक विकणारेही येतात. म्हणजे मोदकावर आपली एकट्याची मालकी नाहीच. परंतु दोन्ही शब्द हाताशी असताना तमिळ माणूस रोजच्या बोलण्यात कोळुकट्टै म्हणतो, कारण त्या नावाखाली मोदकाहून कितीतरी अधिक काही येते. उडदाच्या डाळीचे तिखट पुरण भरलेली कोळुकट्टै असते. सुपारीएवढ्या गोळ्यांना मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेलीही असते. केरळातील सिरियन ख्रिस्ती घरांत झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ती करतात आणि त्या दिवसाला कोळुक्कट्टा शनिवार म्हणतात. तेथे गणपतीचा काही संबंध नाही. ‘दाक्षिणात्य मोदक’ हे नाव त्या घरात कसे शोभावे? तिरुचिरापल्लीच्या किल्ल्याच्या टेकडीवर, चारशेहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते अशा उच्ची पिळ्ळैयारच्या देवळात चतुर्थीला अवाढव्य कोळुकट्टैचा नैवेद्य असतो. सुमारे 150 किलोंपैकी निम्मी वरच्या गणपतीला, निम्मी पायथ्याच्या. तेथे कळ्या पाडीत कोण बसणार!

आणखी एक कोळुकट्टै आहे, तिच्याविषयी मला लिहिता येणार नाही. तमिळनाडूच्या दक्षिण भागात बायका अव्वैयार नोन्बु नावाचे व्रत मंगळवारी रात्री करतात. त्या वेळी केलेली अळणी कोळुकट्टै पुरुषाने खाऊ नये, पाहूही नये, अगदी तान्ह्या मुलानेसुद्धा नाही. पाट्टींनी एका रात्री ताईला आत घेतले व मला दाराबाहेर ठेवले. मी दाराला कान लावून बसलो. हसण्याखेरीज काही ऐकू आले नाही. ताईला मी आजवर अनेकदा विचारले आहे. ती विषय बदलते.

पाठ्यपुस्तकात वाचकाची सोय पाहावी लागते, हे मी अजूनही मानतो. पण इडलीला आपण ‘दाक्षिणात्य ढोकळा’ म्हणत नाही. खाऊन, ऐकून तो शब्द मराठी झाला. शब्द भाषेत येतात ते असेच, थोडी गैरसोय करून. तुमच्यापैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर राहत असतील. घरी मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा असे तुमचे रोजचे जगणे असेल. शेजारणीच्या ताटातील पदार्थाला तुम्ही तिचेच नाव देत असाल. मग पुस्तकाने ते का पुसावे? आणि अर्थ सांगायचाच, तर मोदकापेक्षा ‘मुटका’ हा साधा मराठी शब्द अधिक जवळचा आहे. तोही मुठीवरूनच आला.

पुढच्या बैठकीत मी माझी सूचना मागे घेतली. थोडी चेष्टा झाली. ‘कोळुकट्टै’ शब्द राहिला आणि त्याखाली ‘मुठीत दाबून वाफवलेला तांदळाच्या पिठाचा पदार्थ’ अशी एक ओळ आली.

गेल्या चतुर्थीला मी स्वतः पिडि कोळुकट्टै करून पाहिली. पहिल्या घाण्याला तडे गेले, दुसरा बरा उतरला. ताई आली होती. तिने एक उचलली, माझ्या जाड बोटांच्या खाचांत आपली बोटे ठेवून पाहिली, घास घेतला आणि म्हणाली, “पाट्टींचे नारळाचे काप याहून बारीक असत.”