खात्यातला पैसा गेला, पण चोरी कुठल्या कलमात?

मंडळी, आपल्या फौजदारी कायद्यात एक बैल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? थट्टा नाही, खरोखरचा बैल. १८६० च्या भारतीय दंड विधानात ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या दिली होती आणि ती समजावी म्हणून खाली उदाहरणे जोडली होती. त्यातले एक असे की, खजिन्याची पेटी घेऊन चाललेला बैल वाटेत एकाला भेटतो. खजिना लाटायच्या इराद्याने तो माणूस बैलाला भलत्या दिशेला हाकतो. बैलाने पाऊल उचलले की चोरी झाली! पेटी उघडली का, पैसे मोजले का, हे कायदा विचारत बसत नाही. आणखी एका उदाहरणात झाड आहे. दुसऱ्याच्या रानातले झाड उभे आहे तोवर ते जमिनीला जडलेले. लबाडीने नेण्यासाठी ते तोडून वेगळे केले की तिथेच चोरी पुरी झाली. १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, ३७८ चे ३०३ झाले, पण बैल आणि झाड दोन्ही आपापल्या जागी शाबूत आहेत.

या जुन्या व्याख्येला चोरीसाठी काय काय लागते ते बघा. वस्तू जंगम पाहिजे, ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे, त्याची संमती नसली पाहिजे, नेणाऱ्याच्या मनात लबाडी पाहिजे आणि वस्तू जागची हलली पाहिजे. गोठ्यातली म्हैस, खळ्यावरचे सोयाबीन, विहिरीवरची मोटार, सगळे यात चपखल बसते. आता समजा, जिल्हा बँकेतल्या तुमच्या खात्यावर पीकविम्याचे अठरा हजार जमा झाले आणि रात्रीतून गेले. काय हलले? नोट हलली नाही, बँकेच्या तिजोरीचे कुलूप तुटले नाही. कुठल्याशा यंत्रात एक आकडा होता, तो बदलला.

आकडा म्हटले की आपल्याला विजेच्या तारेवरचा आकडा आठवतो, आणि कायद्याची अडचण तिथूनच चांगली समजते. वीज ही दंड विधानातली जंगम वस्तू नव्हे, म्हणून १९१० च्या वीज कायद्यात मुद्दाम ३९ वे कलम घालून वीज चोरणे म्हणजे चोरीच असे मानावे, असे लिहावे लागले. आज २००३ च्या वीज कायद्याचे १३५ वे कलम तेच काम करते. म्हणजे हाताला न लागणारी वस्तू चोरीला जाऊ लागली की कायद्याला दर वेळी नवे ठिगळ लावावे लागते. संगणकाचेही तेच झाले.

ग्रामपंचायतीत आणि चावडीत बसणाऱ्यांसाठी एक जुना खटला सांगतो. राजस्थानात अलवरच्या एका सरकारी अधीक्षकाने कचेरीतली फाइल थोड्या वेळासाठी बाहेर नेऊन मित्राच्या हाती दिली. मित्राने त्यातले कागद बदलले आणि फाइल परत जागेवर आली. पुढे प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू कायमची नेलीच पाहिजे असे नाही. थोड्या वेळासाठी लबाडीने हलवली तरी चोरीच. हा निकाल १९६२ चा. आता हीच फाइल कुणी टेबलावरून न हलवता मोबाइलवर टिपून नेली, किंवा संगणकातली यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली तर? फाइल जागेवर, यादी जागेवर, मालकाच्या ताब्यातून काहीच गेले नाही. १८६० च्या व्याख्येपुढे असा माणूस मोकळाच राहिला असता.

नव्या संहितेत एक बदल झाला आहे. जुन्या कायद्यात जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी मालमत्ता असा शब्द होता. संहितेच्या व्याख्येतून 'मूर्त' हा शब्द गेला. त्यामुळे माहितीसारखी हाताला न लागणारी मालमत्ताही चोरीच्या कलमात आणायला वाव दिसतो. पण 'ताब्यातून' नेण्याची आणि हलवण्याची अट तशीच आहे. नुसती नक्कल करून नेली तर ती पुरी होते का, हा वाद वकिलांना बरीच वर्षे पुरेल.

आयटी कायदा काय म्हणतो?

ठिगळ लागले ते २००० साली. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्यातली सुधारित कलमे २७ ऑक्टोबर २००९ पासून. त्याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींची लांब यादी देते. संगणकात शिरणे, माहितीची नक्कल उतरवणे, व्हायरस सोडणे, यंत्र बंद पाडणे, माहिती पुसणे वा बदलणे, एकाने घेतलेल्या सेवेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे. एवढे केले तरी ती फक्त भरपाईची बाब आहे. मात्र हेच लबाडीने किंवा फसवण्यासाठी केले, की ६६ वे कलम लागते आणि मग तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंमत अशी की ४३ व्या कलमात 'चोरी' हा शब्द फक्त प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणाबद्दल येतो. तुमच्या पैशाबद्दल तो शब्द तिथे नाहीच.

आपल्या गावात गुन्हा कसा घडतो त्यावर कलम ठरते. 'पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ही फाइल उघडा' असा निरोप मोबाइलवर आला, तुम्ही ती उघडली, आणि त्या फाइलने तुमचे मेसेज परस्पर वाचून पैसे वळवले, तर परवानगीशिवाय तुमच्या यंत्रात शिरणे झाले. ४३ आणि ६६. बँकेचा साहेब बोलतोय असे सांगून कुणी तुमच्याच तोंडून ओटीपी वदवून घेतला, तर ती संगणकाच्या साधनाने केलेली तोतयेगिरी. आयटी कायद्याचे ६६ ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच्याच जोडीला न्याय संहितेचे ३१८ (४), म्हणजे जुने चारशेवीस, सात वर्षांपर्यंत. तुमचा पासवर्ड, अंगठ्याचा ठसा किंवा डिजिटल सही दुसऱ्याने लबाडीने वापरली, तर ६६ क. तीही शिक्षा तीन वर्षे आणि एक लाखापर्यंतच. चोरीचा मोबाइल किंवा संगणक ठाऊक असून घेतला तर ६६ ब आहेच.

अंगठ्याचे तेवढे नीट लक्षात घ्या. पैसे काढून देणाऱ्याच्या यंत्रावर 'लागला नाही, पुन्हा लावा' म्हणून दोनतीनदा अंगठा घेतला जातो आणि एकाऐवजी दोन वेळा रक्कम निघते, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. दस्तांवरच्या ठशांवरून रबरासारखे खोटे अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हेही देशात इतरत्र उघडकीला आले आहेत. आधारमधले बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, ते करून ठेवा.

बैलजोडी आणि कोटीचा डल्ला

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. तुमची बैलजोडी कुणी सोडून नेली, तर ३०३ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. त्याच माणसाने संगणकात शिरून गावातल्या दोनशे खात्यांतून कोटभर रुपये उडवले आणि फक्त आयटी कायद्याचे ६६ वे कलम लागले, तर शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, आणि गुन्हा जामीनपात्र! पोलिस वॉरंटाशिवाय पकडू शकतात, पण जामीन हा त्याचा हक्क. आता बोला.

म्हणूनच गुन्हा नोंदवताना आयटी कायद्याबरोबर न्याय संहितेची कलमे लागतात की नाही, याला महत्त्व आहे. पोलिस बहुधा दोन्ही लावतात. पण आरोपीचा वकील पहिला वार तिथेच करतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गगन हर्ष शर्मा खटल्यात म्हटले की कंपनीची माहिती पळवल्याचे कृत्य जर आयटी कायद्यात पूर्ण बसत असेल, तर त्याच कृत्यासाठी दंड विधानाची फसवणुकीची आणि विश्वासघाताची कलमे लावता येणार नाहीत. खास कायदा आधी, सर्वसाधारण कायदा मागे. न्यायालयांत याबाबत एकवाक्यता आहे असे मात्र म्हणता येत नाही. आमच्या मते यात फिर्यादीच्या हाती एकच गोष्ट उरते. काय घडले ते तपशिलाने लिहून देणे. 'खात्यातून पैसे गेले' एवढ्या चार शब्दांत फसवणूक दिसत नाही. कोण आहे म्हणून सांगितले, कशावर विश्वास ठेवून तुम्ही काय केले, हे लिहिले तर तुम्हाला फसवून मालमत्ता काढून घेतल्याचा भाग कागदावर येतो.

खाते भाड्याने देऊ नका

सगळ्यात काळजीची गोष्ट गावातल्या पोरांची आहे. 'तुझं खातं आठ दिवस वापरायला दे, पाच हजार देतो', असे सांगणारे फिरत असतात. एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दिले की लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो. पोलिस माग काढतात तेव्हा पहिले नाव त्या पोराचेच निघते, कारण खरा सूत्रधार दूर कुठेतरी असतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या यंत्रणेत शिरून दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटींहून अधिक रक्कम काढली गेली. बनावट कार्डे घेऊन अनेक देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसले, त्यात कोल्हापूरसारख्या आपल्या शहरातली एटीएमही होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी धरले. ते कोण? कार्ड घालून नोटा काढणाऱ्या फळीतले. कळ दाबणारे आत गेले, डोके चालवणारे हाती लागले नाहीत. खाते देणाऱ्यावर लुटीचा माल बाळगल्याचे ३१७ वे कलम आणि फसवणुकीत सामील असल्याचे कलम लागू शकते. 'मला माहीत नव्हतं' हे म्हणायला सोपे, पण पाच हजार कशाचे घेतले याचे उत्तर कोर्टात द्यावे लागते.

शिक्षा झाली तरी पैसा येतो का?

फौजदारी कलमाने चोर आत जाईल, पैसा आपोआप येत नाही. त्याच्या वाटा वेगळ्या. पहिली म्हणजे १९३० क्रमांकावर लगेच फोन. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तिथे रोखता येते आणि नंतर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. इथे तासांचा हिशोब असतो, उद्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर बघू म्हणाल तर पैसा चार राज्ये ओलांडून गेलेला असतो.

दुसरी वाट बँकेची. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तत्त्व घालून दिले, ते त्याच वर्षी सहकारी बँकांनाही लावले. चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर नुकसान त्याच्यावर नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून बँकेला कळवल्याची पोच आणि वेळ लेखी घ्या.

तिसरी वाट फार थोड्यांना माहीत आहे. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी आयटी कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली न्यायनिर्णय अधिकारी असतो. राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हे काम पाहतो. २०१३ मध्ये पुण्यातल्या एका उद्योगाला अशाच दाव्यात बँकेकडून ४५ लाख देण्याचा आदेश झाला होता. गेलेली रक्कम ८० लाखांच्या घरात होती, पण फसव्या मेलला उत्तर देण्यात उद्योगाचीही चूक धरली गेली.

ठाण्यात 'ही आमच्या हद्दीतली भानगड नाही' असे उत्तर मिळाले तर मान डोलवून परत येऊ नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते. इंटरनेटवरून कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. आयटी कायद्याखालचा तपास मात्र निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तोवर मेसेज पुसू नका आणि मोबाइल दुकानात नेऊन साफ करून घेऊ नका, तो पुरावा आहे.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी दोन शब्द. वित्त आयोगाचा पैसा तुमच्या डिजिटल सहीने निघतो. ते डोंगल संगणक परिचालकाच्या खणात आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेला, असे चित्र किती कचेऱ्यांत दिसेल, तुम्हीच सांगा. परिचालकाने ते लबाडीने वापरले तर त्याच्यावर ६६ क लागेल हे खरे. पण त्याच कायद्याचे ४२ वे कलम कुणी वाचत नाही. सहीची किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी सहीवाल्यानेच घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे. कळवेपर्यंतची जबाबदारी सहीवाल्याची, असे कायद्याने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सातबाऱ्यावर डिजिटल सही करतात, त्यांनाही हे लागू आहे. रजेवर जाताना डोंगल खिशात घालून न्या, आणि आज संध्याकाळी कचेरी बंद करण्याआधी ते कुठे आहे तेवढे एकदा बघा.