बिनपिठाचे व बिनसाखरेचे मफिन

मनुष्यास एखादा पदार्थ फार आवडूं लागला आणि तो प्रकृतीस अपायकारक आहे असें त्याच्या कानावर आलें, म्हणजे तो दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. कांहीं जण तो पदार्थ सोडून देतात. पुष्कळ जण त्याचें नांव बदलून तो खात राहतात. मैद्याशिवाय व पांढऱ्या साखरेशिवाय केलेल्या केकचा हल्लीं जो बोलबाला चालला आहे, त्यांत या दुसऱ्या मार्गाचा अंश किती आणि खऱ्या सुधारणेचा किती, याचा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं शांतपणें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मफिन म्हणजे वाटीएवढ्या साच्यांत भाजलेला लहान केक. अमेरिकेंत तो न्याहारीस खाण्याची चाल आहे. नेहमींच्या मफिनांत मैदा, साखर, अंडीं व लोणी हे जिन्नस असतात. बिनपिठाच्या प्रकारांपैकीं एक फार सोपा आहे. दोन चांगलीं पिकलेलीं केळीं, दोन अंडीं, एक पेला म्हणजे सुमारें २४० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचा लोण्यासारखा मऊ वाटलेला गोळा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा लिंबाचा रस व दोन मोठे चमचे मध हें सर्व एकत्र घोटावें. तूप लावलेल्या १२ लहान साच्यांत घालावें. आणि १७५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या ओव्हनमध्यें सुमारें १५ मिनिटें भाजावें. मधोमध काडी खुपसली असतां ती कोरडी निघाली, म्हणजे मफिन तयार झाले असें समजावें.

पिठाशिवाय केक उभा राहतो तरी कसा, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास सहज सुचेल. गव्हाच्या पिठांत पाणी घालून तें मळलें कीं ग्लूटेन नांवाचा चिवट पदार्थ तयार होतो. त्याच्या जाळ्यांत वायूचे बुडबुडे अडकतात व केक फुगतो. बिनपिठाच्या मफिनांत हें काम अंड्यांतील प्रथिनें करतात. उष्णतेनें तीं घट्ट होतात आणि फुगलेला आकार धरून ठेवतात. सोडा व लिंबाचें आम्ल यांच्या संयोगानें कार्बन डायऑक्साइड वायु उत्पन्न होतो. केळें पिकत जातें तसतसें त्यांतील पिष्टाची साखर होत जाते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेलें केळें या कामीं उत्तम. रसायनशास्त्राचा एवढा धडा एका लहानशा साच्यांत मिळतो, ही या पाककृतीची मोठीच जमेची बाजू होय.

आतां पीठ टाळण्याची गरज कोणास आहे तें पाहूं. विलेम डिके नांवाच्या डच बालरोगतज्ज्ञानें हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यांत एक गोष्ट बारकाईनें पाहिली. पावाचा तुटवडा पडला असतां सीलिअक या आंतड्यांच्या विकारानें पीडलेलीं मुलें सुधारूं लागलीं. पाव पुन्हा मिळूं लागतांच त्यांचा विकार उलटला. पुढें १९५० सालीं त्यानें या विषयावर प्रबंध लिहिला. अशा रोग्यांना गहूं हा खरोखरच शत्रु आहे, आणि बिनपिठाचा केक हें त्यांच्यासाठीं मोठें वरदान आहे. परंतु ज्यांना हा विकार अथवा गव्हाचें वावडें नाहीं, त्यांनीं गव्हास भिण्याचें कारण नाहीं. मैद्याचा दोष एवढाच कीं त्यांतील कोंडा व अंकुर काढून टाकलेला असतो. घरच्या कणकेच्या पोळीस त्याच पंक्तीस बसविणें हा अन्याय होय.

साखरेची गोष्ट याहून नाजूक आहे. “आम्ही साखर घातली नाहीं, मध घातला आहे,” असें पुष्कळ ठिकाणीं अभिमानानें सांगण्यांत येतें. मधाचा सुमारें चारपंचमांश भाग साखरच असतो. गुळांत लोहादि क्षार थोडेसे असतात खरे. परंतु त्याचाही फार मोठा भाग साखरच होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक व फळांचे रस यांतील साखरही एकाच खातीं मांडली आहे. ही साखर रोजच्या एकंदर उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आंत आली तर अधिक चांगलें, असें ती संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या आहारांत हे ५ टक्के म्हणजे सुमारें २५ ग्रॅम, अर्थात् सहा लहान चमचे. लहान मुलांचा वांटा त्याहून कमीच. ब्रिटनमध्यें तर फळ घोटून लगदा केला कीं त्यांतील साखरही या हिशेबांत धरतात.

वरील मफिनांचाच हिशेब करून पाहूं. दोन मोठे चमचे मधांत सुमारें ३४ ग्रॅम साखर. ती बारा मफिनांत वांटली म्हणजे प्रत्येकीं तीन ग्रॅमहूनही कमी. येथपर्यंत तक्रारीस जागा नाहीं. परंतु मध आरोग्यदायक म्हणून कोणी हात सैल सोडला व अर्धा पेला ओतला, तर तोच आंकडा साडेअकरा ग्रॅमच्या आसपास जातो, आणि दोन मफिनांतच दिवसाचा वांटा बहुतेक संपतो! शिवाय शेंगदाण्यांत तेल पुष्कळ असल्यामुळें असा एक लहान मफिन सुमारें १६० कॅलरींचा होतो. तो पौष्टिक आहे, पण हलका नाहीं. तीन खाल्ले तर जवळजवळ एक जेवणच झालें.

मैदा व पांढरी साखर यांवांचून केक करणें ही कोंकणास नवी विद्या नव्हे. काकडी, तांदुळाचा रवा व गूळ यांचें धोंडस तेथें पूर्वींपासून करीत आले आहेत. खालीं विस्तव व झांकणावर निखारे ठेवून तें भाजीत. त्यांत गूळ कांहीं कमी नसे. परंतु तें काकडीच्या हंगामांत होई, घरांत दहा माणसांत वांटलें जाई, आणि तें औषध आहे असें कोणी म्हणत नसे. गोड तें गोड, याची जाणीव शाबूत होती. आमच्या मतें नव्या पाककृतीपेक्षां ही जाणीव अधिक मोलाची आहे.

एवढ्याशा केकसाठीं वजन-मापें कशाला, अशानें मुलें अन्नास भिऊं लागतील, असें कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. घास मोजीत जेवण्याची संवय मुलांना लागावी असें आम्हांसही वाटत नाहीं. परंतु पदार्थ करतांना माप घेणें निराळें आणि खातांना भीति बाळगणें निराळें. उलट, आपण काय खातों हें ज्यास ठाऊक असतें, तो जाहिरातीस भुलत नाहीं व निष्कारण भीतही नाहीं.

म्हणून पालकांस विनंति ही कीं, सुट्टीच्या दिवशीं हे मफिन मुलांच्या हातूनच करवावे. मुलींच्या तसेच मुलग्यांच्याही. प्रथम मध घालून करावे, नंतर एकदां मुळींच न घालतां, आणि फरक चाखून पाहावा. केळें पुरेसें पिकलेलें असेल तर मधाची उणीव फारशी भासत नाहीं. शेंगदाण्याचें वावडें असलेलीं मुलें असतात, हें ध्यानांत ठेवून शाळेच्या डब्यांतून ते वांटण्यापूर्वीं विचारून घ्यावें. एक वर्षाच्या आंतील बालकास मध, मग तो भाजलेल्या पदार्थांतील कां असेना, देऊं नये.

विद्यार्थ्यांनो, दुकानांतील वेष्टनावर “साखररहित” हा शब्द दिसला, तर तेथेंच थांबूं नका. वेष्टन उलटून मागची यादी वाचा. मध, पाक, खजुराचा अर्क, फळांचा आटविलेला रस हीं सर्व साखरेच्याच कुळांतील नांवें आहेत. मफिन चांगला कीं वाईट हें त्यांत काय नाहीं यावरून ठरत नसतें. काय आहे, किती आहे आणि आपण तो कितीदां खातों, यावरून तें ठरतें.