भिंतीतली अनारकली

अमेरिकेहून परत आलेल्या माणसानं तिथले रस्ते, तिथली स्वच्छता आणि नायगारा यांविषयी बोलायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. रस्ते मी पाहिले, स्वच्छताही पाहिली. नायगारा राहिला, कारण आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला होतो. पण 'काय काय पाहिलंत?' असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'मायक्रोवेव्ह'. मग मी तावातावानं बोलू लागतो, सौभाग्यवती पाहुण्यांना डोळ्यांनी खूण करते आणि पाहुणे चहा बशीत ओतून लवकर संपवतात. तुमच्या हातात बशी नाही, तेव्हा ऐकून घ्या.

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. जावईबापूंनी एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती. मोटरहोम म्हणजे एसटीच्या गाडीत थाटलेलं वन-रूम-किचन. पुढे ड्रायव्हर, मागे बिछाना, मधे ओटा, बेसिन, फ्रीज, शेगडी आणि चक्क संडाससुद्धा. ज्यानं आयुष्याची पंचवीस वर्षं चाळीत डबा घेऊन रांगेत काढली, त्याला संडास आपल्या मागोमाग ताशी पन्नास मैलांच्या वेगानं येतो याचं केवढं अप्रूप! आणि शेगडीच्या वर, लाकडी कपाटांच्या रांगेत, मायक्रोवेव्ह असा चपखल बसवलेला, की जणू गाडी त्याच्याभोवती बांधली असावी. हा 'जणू' पुढे आम्हाला फार महागात पडला.

योसेमिटीच्या वाटेवर एका कॅम्पात मुक्काम होता. तिथे खांबाला वायर जोडली की 120 व्होल्टची, 30 अँपिअर वीज मिळते. एवढ्यात एसी चालतो, मायक्रोवेव्हही चालतो. पण त्याच वेळी कुणी केस वाळवायचं यंत्र लावलं की खटका पडून सगळं घर अंधारात. एकत्र कुटुंबाचाच न्याय. एक बोलत असताना दुसऱ्यानं गप्प बसायचं.

त्या संध्याकाळी सौभाग्यवतीनं फ्रीजमधली बटाट्याची भाजी आत ठेवली. दिवा लागला. तबकडी फिरली. पंखा घुमला. तीन मिनिटांनी घंटा वाजली आणि भाजी बाहेर आली ती होती तशी थंडगार. मला एकदम आमच्या ऑफिसची आठवण झाली. दिवे चालू, पंखे चालू, फायली फिरताहेत, आणि काम शून्य.

जावईबापूंनी सकाळी गाड्यांच्या एका वर्कशॉपला फोन लावला. पलीकडच्या माणसानं बिघाड काय आहे हे विचारलंच नाही. त्यानं फक्त मॉडेलचा नंबर विचारला आणि 'ते मॉडेल आता निघत नाही' असं सांगितलं. म्हणजे रोग्याची नाडी न बघता जन्मतारीख विचारायची आणि घरच्यांना सांत्वन करून मोकळं व्हायचं. दुरुस्ती करत नाही, बदलून देऊ. पण नवीन मॉडेल उंचीला पाऊण इंच जास्त, म्हणजे वरचं कपाट कापावं लागेल. कपाट कापलं की पुढची चौकट नवीन. चौकट नवीन म्हणजे फळीचा रंग वेगळा, म्हणून शेजारची दोन दारंही नवीन केलेली बरी. आणि तारीख? सहा आठवड्यांनी. एकूण आकडा ऐकल्यावर मी सवयीनं त्याला रुपयानं गुणलं आणि सौभाग्यवतीनं मला पाणी दिलं.

"बाबा, इथे असंच असतं," जावईबापू म्हणाले. "मजुरी महाग, वस्तू स्वस्त. रिपेअर परवडत नाही."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही वस्तू कुठे बदलताय? तुम्ही सुतारकाम करताय!"

माझं भांडण आहे ते इथे. ओट्यावरचा सुटा मायक्रोवेव्ह बिघडला तर तो उचलून दुसरा ठेवता येतो. वाईट वाटलं तरी कपाट शाबूत राहतं. पण एकदा का वस्तू 'बिल्ट-इन' झाली, म्हणजे अनारकलीसारखी भिंतीत चिणली गेली, की दोष असतो एका बटणाचा आणि शिक्षा होते साऱ्या घराला. गाडी बांधणारा त्या वर्षी बाजारात जो ओव्हन असेल तो घेतो आणि त्याच्या अंगाबरोबर कपाट शिवतो. ओव्हनचं मॉडेल चार-दोन वर्षांत बदलतं. गाडी मात्र वीस-वीस वर्षं धावते. जावयाच्या लग्नातला सूट नातवाला घालायला लावण्यासारखाच हा प्रकार. बरं, त्या भोकात कुठलाही ओव्हन ढकलून भागत नाही. बंद कपाटात त्याला श्वास घ्यायला जागा लागते, आणि गाडीनं ब्रेक मारल्यावर तो ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊ नये म्हणून स्क्रूंनी जखडावाही लागतो. ते स्क्रू कुठे असतात? वरच्या कपाटाच्या तळाशी. ते शोधायला मला गोडा मसाला, पोहे आणि डिंकाचे लाडू बाहेर काढून कपाटात कमरेपर्यंत शिरावं लागलं.

आता हे यंत्र म्हणजे काही ब्रह्मदेवाचं रहस्य नव्हे. ते युद्धाचं अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत. 1945 मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट त्या नळीपाशी वितळलं आणि त्यातून ही कल्पना निघाली, असं सांगतात. 1947 मध्ये निघालेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे 340 किलो वजनाचा होता. तो कुणी कपाटात चिणला नाही, कारण कपाटच त्याच्यात मावलं असतं. ओट्यावर मावणारा, लोकांच्या पसंतीला उतरलेला घरगुती ओव्हन यायला 1967 साल उजाडलं. तेव्हापासून बहुतेकांच्या पोटातला ऐवज तोच. मॅग्नेट्रॉन, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, डायोड, फ्यूज आणि दाराचे दोन-तीन खटके. यातलं एखादं जातं, बाकीचे धडधाकट असतात. गोठ्यातली एक म्हैस आटली म्हणून गोठा कुणी पेटवून देत नाही.

एका बाबतीत मात्र मी जावईबापूंपुढे मान तुकवतो. मी तावातावानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता, तो त्यांनी काढून घेतला. त्या कपॅसिटरमध्ये, वायर काढून ठेवली तरी, जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. मिक्सर दुरुस्त करणं वेगळं आणि हे वेगळं. 'रिपेअर, रिपेअर' म्हणून जप करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं, नाहीतर पेन्शन फॅमिली पेन्शन होते. पण माझं म्हणणं सर्वांनी सगळं उघडावं असं नाहीच. ज्याला कळतं त्याला उघडता यावं, एवढंच आहे.

आणि असा माणूस दोन गाड्या सोडून निघाला! सत्तरीचे गृहस्थ, उभं आयुष्य घरगुती यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी ओव्हन उतरवला, आधी रीतसर कपॅसिटरची वीज घालवली, मीटर लावलं आणि दहा मिनिटांत लवंगेहून जरा मोठा असा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. डायोड! दुसऱ्या दिवशी गावातून तो दहा डॉलरच्या आत मिळाला. ओव्हन पुन्हा जागेवर बसला, कपाटाला ओरखडासुद्धा आला नाही, आणि सौभाग्यवतीची साबुदाण्याची खिचडी वाफा टाकत बाहेर आली. गृहस्थांनी चाळीस डॉलर मागून घेतले आणि ते मला फार आवडलं. दुरुस्ती हा परोपकार नव्हे, धंदा आहे. तो धंदा राहिला तरच शिल्लक राहील.

हे पुण्यात घडलं असतं तर मी पासोड्या विठोबापाशी जाऊन तासाभरात परत आलो असतो, असं मी ऐटीत बोलून गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, कॅलिफोर्नियात नुकताच कायदा झालाय." खरंच झालाय. 1 जुलै 2024 पासून तिथे कंपन्यांना सुटे भाग, हत्यारं आणि माहितीपुस्तिका ग्राहकांना आणि बाहेरच्या कारागिरांना द्याव्या लागतात. शंभर डॉलर आणि त्यावरच्या वस्तूंसाठी सात वर्षं. मी हात जोडले. पण कायदा 1 जुलै 2021 पासून विकल्या गेलेल्या वस्तूंना लागू. आमचा ओव्हन त्याच्या आधीचा, त्यामुळे त्याची पत्रिका जुळेना. शिवाय तो कायदा भागांचा आहे, भोकाच्या मापाचा नव्हे. माझी मागणी साधी आहे. वस्तू भिंतीत बसवायचीच असेल तर भोकाचं माप सगळ्यांनी मिळून एकदा ठरवा, स्क्रू पुढून काढता येतील असे लावा, आणि आत काय आहे त्याचा नकाशा दाराच्या आत चिकटवा. साध्या बल्बच्या होल्डरचं माप ठरवून घेताना जगाला जमलं, तर हे जमायला काय हरकत आहे?

तो जळका डायोड मी पाकिटात घालून पुण्याला आणला. आपल्याकडे केंद्र सरकारनंही 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती, त्यामुळे आपण निदान योग्य देशात उतरलो असं वाटत होतं. दारात पाऊल टाकतो तो सौभाग्यवतीनं मॉड्युलर किचनवाल्याला बोलावलेलं. तरुण मुलगा, हातात गुळगुळीत पुस्तक. ओव्हन भिंतीत, चिमणी भिंतीत, शेगडी दगडात बसवलेली.

मी विचारलं, "हे बिघडलं तर?"

"काका, दहा वर्षं काही होणार नाही."

"आणि अकराव्या वर्षी?"

तो गोड हसला. "अकराव्या वर्षी सगळेच नवीन किचन करतात, काका."

मी पाकिटातून डायोड काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो चिमटीत धरून पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, "मसाल्याचा आहे का काही?"

आमची जुनी शेगडी अजून ओट्यावरच आहे. मागच्याच आठवड्यात तिचा बर्नर तुंबला. शेजारचा पोऱ्या आला, शेगडी उचलून पालथी केली, टाचणीनं भोकं साफ केली आणि चहा पिऊन गेला. ओटा होता तिथेच आहे.