कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्या

गावातला वर्ग 'डिजिटल' होतो तो दिवस बघण्यासारखा असतो. दारात रांगोळी, फीत, नारळ, सरपंचांचा सत्कार, देणगीदारांची दोन भाषणं. मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कविता वाजू लागते आणि वर्गातली सगळी पोरं हाताची घडी घालून ती बघतात. हाताची घडी! काल फळ्याकडे बघत होती, आज पडद्याकडे बघतात. फळ्यापाशी निदान एखाद्याला बोलावून गणित सोडवायला लावता यायचं. पडद्याला पोराने बोट लावलं की चार मोठी माणसं एकदम ओरडतात.

पालकहो, शिक्षकहो, आपण यंत्र आणलं, पण शिकणं जिथल्या तिथेच राहिलं. बोलणारा एक, ऐकणारे चाळीस. मला यंत्रांचं वावडं नाही. माझी तक्रार उलटी आहे : ती मुलांच्या हातात पोचतच नाहीत.

का पोचत नाहीत? जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा आणि टॅब कुठे आहेत विचारा. कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. त्यांना दोष देण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर उघडून बघा. आलेली प्रत्येक वस्तू त्यात चढते आणि बदलीच्या वेळी मोजून ताब्यात द्यावी लागते. एखादा टॅब फुटला, तर निर्लेखनाचा प्रस्ताव, पंचनामा, वरून येणारे खुलासे. आणि तोवर आपण गावकरी कट्ट्यावर बसून 'मास्तरांनी टॅब घरी नेला असेल' म्हणायला मोकळे. अशा माणसाने ती वस्तू सहावीतल्या पोराच्या हाती का द्यावी? वापरून मोडलेली वस्तू हा आपल्याकडे गुन्हा आहे, न वापरता कपाटात मेलेली वस्तू मात्र ऑडिटमध्ये शंभर टक्के पास!

हे बदलायला दिल्लीहून कोणी येणार नाही, आणि कायद्याची अडचण तर मुळीच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याचं 29वं कलम सांगतं, की मुलांनी कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने शिकावं. महाराष्ट्राला तर हे कायद्याने सांगायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम उभारलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. खडे, शिंपले, बिया हे त्यांचं शैक्षणिक साहित्य. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. आजच्या यंत्राकडून आपण याहून वेगळं काय मागतो?

श्रावणात एक करून बघा. कुंपणाच्या कडेला तेरडा फुललेला असतो. त्याची टच्च भरलेली शेंग बोटात धरली की फट्‌कन फुटते, हे खेड्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पण फुटते कशी, हे डोळ्यांना दिसत नाही, इतकं ते झटपट घडतं. आता साध्या फोनचा स्लो मोशन कॅमेरा लावा. एकाने शेंग धरायची, एकाने फोन, बाकीच्यांनी डोकी आत घालायची. मग दिसतं : शेंगेच्या पाकळ्या देठाच्या बाजूने सुटतात, स्प्रिंगसारख्या आत वळतात आणि बिया चहूकडे उडतात. पोरं ते पुन्हा बघतात. मग कोणीतरी विचारतं, "बाई, या बाहेर का नाही वळत? आतच का?" बहुतेक वेळा बाईंनाही उत्तर येत नसतं, आणि तिथेच खरा तास सुरू होतो. कोवळी शेंग का फुटत नाही? पावसात भिजली तर? बिया किती लांब जातात? टेप आणा, वहीत मांडा. त्या दिवशी फोनने काही शिकवलं नाही. जे दिसत नव्हतं ते फक्त दाखवलं. शिकली पोरं.

अशी साधनं आता ढिगाने आहेत, आणि महागही नाहीत. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक काढला, फोल्डस्कोप. तो खिशात मावतो; कांद्याचा पापुद्रा, डबक्याचं पाणी, डासाचा पंख, हवं ते त्याखाली धरा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने बनवलेली 'फेट' नावाची विज्ञान-गणिताची खेळती मांडणी फुकट आहे, त्यातली कित्येक मराठीत आहेत. मूल मोठ्याने वाचेल ते ऐकून अडखळलेला शब्द दाखवून देणारं 'रीड अलाँग' हे अ‍ॅप मराठीत चालतं. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाचं वाचन रोज ऐकायला बाईंना वेळ कुठून मिळणार? अडखळणारं पोर वर्गासमोर वाचायला लाजतं. यंत्रापुढे ते तेच पान पाच वेळा वाचेल, हसणारं कोणी नसतं. मात्र मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, हे त्या यंत्राच्या गावीही नसतं. ती जाण बाईंनाच हवी.

पाबळचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन हातांनी करत शिकू लागली. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साथीने जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी, एक कुठे उभी राहिली असेल, तर ती पाबळला. कलबागांची शिस्त होती, की आधी हाताला काम आणि त्यातून डोक्याला प्रश्न. जिथे ही सवय आधीच मुरलेली असते, तिथे नवं यंत्र कपाटात जात नाही.

आता कोणी शहाणा म्हणेल, वाटले होते की लॅपटॉप! खरं आहे. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 साली आपल्याच कर्जत तालुक्यातल्या खैराटला झाला. पेरू देशाने तर ते लाखोंनी वाटले, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. आक्षेप रास्त आहे. यंत्र वाटून शिक्षण होत नाही. त्यामागे प्रश्न हवा, आणि तो प्रश्न धरून ठेवणारा शिक्षक हवा. पण या दाखल्यावरून कपाटाला दुसरं कुलूप घालणं हा काही उपाय नव्हे.

कारण कपाटाबाहेरचं जग थांबलेलं नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या 2024च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी 76 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासासाठी 57 टक्क्यांनी. फोन पोरांच्या हाती आहेच; नाही ती फक्त सोबत. आणि आता तर निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही त्याच फोनवर आली आहे. बंदी घालून बघा, पोरं तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे आहेत. त्यापेक्षा सातवीच्या वर्गात तिला आपल्या गावच्या जत्रेबद्दल, ग्रामदैवताबद्दल, ओढ्याबद्दल विचारा. ती ऐटीत काहीतरी ठोकून देईल. मग पोरांना कामाला लावा : यातलं खोटं किती? आजीला विचारा, गुरवाला विचारा, जुने फोटो शोधा. यंत्राच्या चुका काढायची गोडी एकदा लागली, की ते पोर कोणाचंच बोलणं तपासल्याशिवाय गिळणार नाही. पुढाऱ्याचंसुद्धा!

तेव्हा उठा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, हेही कायद्यानेच. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. मग ठराव करा, की साधनं मुलं हाताळतील, आणि वापरताना मोडलं तर जबाबदारी समितीची, एकट्या मुख्याध्यापकांची नाही. दुरुस्तीसाठी गावाने वर्गणी काढावी. मंडपाला निघते तशीच. अधिकाऱ्यांनो, वापरात मोडलेल्या वस्तूचं निर्लेखन एका पानात होऊ द्या, आणि तपासणीला आलात की वस्तू किती आहेत ते मोजण्याआधी पोरांनी त्यांतून काय शोधलं ते विचारा. पुण्या-मुंबईत, आखातात, अमेरिकेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, नावाची पाटी लावलेला आणखी एक पडदा नको. शाळेचं वीजबिल भरा, बॅटऱ्या बदला, तालुक्यातल्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या पोराला महिन्यातून एकदा शाळेत पाठवा.

आणि आयांनो, पुढच्या बैठकीत सही करून चहा पिऊन परत येऊ नका. कपाट उघडायला लावा. आत काय काय आहे ते बाहेर काढा, धूळ झटका, चार्जिंगला लावा आणि त्याच आठवड्यात कुठलाही एक वर्ग घेऊन ओढ्यावर जा.