वीस गुण आणि तीन मिनिटे

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांच्या आणि बाईंच्या सोशिकपणाला दाद दिलीच पाहिजे. अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बदला; प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, धावा पुन्हा प्रशिक्षणाला! २००० साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, तेव्हा दहावीपर्यंत पोरे फाडफाड बोलू लागतील, असे पुष्कळांना वाटले होते. पण पोराने बोलायचे, तर त्याचे कुणी तरी ऐकून घ्यावे लागते. आणि खरी अडचण तिथेच आहे.

वीस गुणांचीच गोष्ट पाहा ना. दहावीला भाषेच्या शंभरांपैकी वीस गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेचे. ते शाळेनेच द्यायचे. शाळा ते खिरापतीसारखे वाटतात, असा बोभाटा झाला आणि २०१९ च्या परीक्षेला ते काढून टाकण्यात आले. अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० वर घसरला. घरोघरी हलकल्लोळ! लगेच वीस गुण परत आले. २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही खरे. मात्र या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्क्यांची. मुले बोलतात किती, हे विचारायला कुणाला सवड होती?

आता थोडे साधे गणित करू. वर्गात साठ मुले. प्रत्येकाला तीनच मिनिटे बोलू दिले, तरी तीन तास झाले, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या पाच तासिका आणि वर थोडे. वेळापत्रकात त्या कुठे असतात? शिवाय एखाद्या प्रामाणिक बाईंनी नीट ऐकून बारा गुण दिले आणि शेजारच्या शाळेने न ऐकताच वीस दिले, तर अकरावीच्या प्रवेशाला मागे राहतो तो बाईंचाच विद्यार्थी. मग बाईंनी करावे तरी काय?

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा हे दुखणे एकट्या इंग्रजीचे नाही, हे जाणतो. निबंध घोटून आलेली मुले महाविद्यालयात येतात आणि चार वाक्ये आपल्या मनची बोला म्हटले, की मातृभाषेतही अडखळतात. परक्या भाषेची मग काय कथा!

लेखी पेपर कठीण करून हे दुखणे बरे व्हायचे नाही, आणि गुण वाटूनही व्हायचे नाही. त्याला हवा वेळ. म्हणून वाचकहो, पुढच्या पालकसभेत ‘किती गुण मिळाले?’ एवढेच विचारून उठू नका. ‘तोंडी परीक्षा केव्हा झाली आणि आमच्या मुलाला किती मिनिटे बोलू दिलेत?’ असेही विचारा. हा प्रश्न बाईंना नको, मुख्याध्यापकांना विचारा. बाई मनातून तुम्हांला दुवाच देतील.