अंतराळातील आरमार आणि मराठी विज्ञानकथेत न आलेला सेनानी

मराठी विज्ञानसाहित्याची चर्चा करताना एक प्रश्न आपल्याकडे सहसा उपस्थित केला जात नाही. ज्या भाषेतील वाचक स्वारी, मोहीम, वेढा आणि पराभव यांच्या कथांवर वाढला, ज्या भाषेत 'स्वामी' (१९६२) पासून 'पानिपत' (१९८८) पर्यंत सेनानीच्या एकाकीपणाची कादंबरी अमाप लोकप्रिय झाली, त्या भाषेतील विज्ञानकथेत सेनानी का नाही? ग्रहाग्रहांमधील युद्ध, अवकाशनौकांचा ताफा आणि त्या ताफ्याचा अधिपती ही इंग्रजी विज्ञानकथेतील एक प्रस्थापित शाखा आहे. मराठीत ती जवळजवळ रिकामी राहिली. ही उणीव मानावी की सुदैव, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की ती उणीव आहे. मात्र सामान्यतः समजले जाते त्या अर्थाने नव्हे.

या विचाराला निमित्त घडले ते एका विद्यार्थ्याचे. पदव्युत्तर वर्गातील या मुलाने लघुप्रबंधासाठी 'युद्धविषयक विज्ञानकथा आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी' असा विषय मांडला होता. विषय 'मराठी साहित्याच्या कक्षेत बसत नाही' असा शेरा मिळून तो परत आला. शेरा देणाऱ्यांशी येथे वाद घालायचा नाही. परंतु विषय त्याला का सुचला, हे विचारले असता त्याने दिलेले उत्तर मात्र येथे नोंदवण्याजोगे आहे. त्याचे वडील सैन्यात होते. उंचावरच्या ठाण्यावरून त्यांचे खुशालीचे पत्र घरी पोहोचे तेव्हा त्यावर दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांपूर्वीची तारीख असे. आई पत्र वाचून झाल्यावर म्हणे, 'हे तेव्हाचं झालं, आजचं काय?' पुढे जो हॉल्डेमन या अमेरिकन लेखकाची 'द फॉरेव्हर वॉर' ही कादंबरी जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याच्या हाती आली आणि त्यात त्याला आईचे ते वाक्य सापडले. अर्थात ते वाक्य त्या कादंबरीत कोठेही नाही. पण वाचन असेच घडते.

तारायुद्धाच्या कथेचा गाभा तोफांमध्ये किंवा किरणास्त्रांमध्ये नसून विलंबात आहे. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला सुमारे आठ मिनिटे लागतात, सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून यायला चार वर्षांहून अधिक. अशा अंतरावरून शत्रूचा ताफा दिसतो तेव्हा तो तेथे 'होता' एवढेच कळते. 'आहे' हे क्रियापद सेनानीला वापरताच येत नाही. त्याने राजधानीकडे आज्ञा मागावी, तर उत्तर येईपर्यंत आज्ञा देणारे सरकार शिल्लक असेल याची शाश्वती नाही. निर्णय त्याचा, परिणाम इतरांचे, आणि निवाडा करणारे अजून जन्मलेले नाहीत. जॅक कॅम्पबेल हा अमेरिकन नौदलातील निवृत्त अधिकारी आपल्या 'लॉस्ट फ्लीट' मालेत (२००६ पासून) या प्रकाश-विलंबावरच लढाया रचतो. ऑर्सन स्कॉट कार्ड 'एन्डर्स गेम'मध्ये (१९८५) उलट वाट धरतो. तेथे संदेश क्षणार्धात पोहोचवणारे यंत्र आहे, पण दूरच्या ताफ्याला आज्ञा देणाऱ्या मुलाला आपण खेळ खेळत नसून खरी माणसे मरणाच्या दारी पाठवीत आहोत हेच ठाऊक नसते. अंतर एकाने काळात ठेवले, दुसऱ्याने जाणिवेत.

मराठी वाचकाला हे परके का वाटावे? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्व काही संपले, त्यानंतरही कित्येक दिवस उत्तरेकडे कूच करणारा नानासाहेब पेशवा एका जिवंत सैन्याच्या मदतीला निघालेला होता. मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतील सावकारी पत्र त्याच्या हाती पडेपर्यंत त्याच्यापुरता भाऊ जिवंत होता, विश्वासराव जिवंत होता. मधल्या त्या दिवसांत जी आज्ञा सुटली असेल ती मेलेल्या माणसांना उद्देशून सुटली. याहून शुद्ध 'प्रकाश-विलंब' कोणत्या विज्ञानकथेत आढळेल? मराठी मनाला तारायुद्ध झेपत नाही असे म्हणणारा समीक्षक मराठी मनाची अर्धी शिदोरीच मोजायची विसरतो.

मग हा सेनानी आला का नाही? माझ्या मते त्याचे कारण वाङ्मयीन कमी आणि संस्थात्मक अधिक आहे. आपली आधुनिक विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या मांडवाखाली वाढली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ची. परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेऊन पाठवलेली 'कृष्णविवर' ही कथा या प्रवाहाचे उगमस्थान नसली तरी त्याचा घाट निश्चितच आहे. प्रसाराचे प्रयोजन मान्य केल्यावर नायकपद शास्त्रज्ञाकडे जाते, कारण संकल्पना समजावून सांगण्याचा अधिकार त्याचा. दुसरीकडे ऐतिहासिक कादंबरीने सेनानीचे वतन आधीच स्वतःकडे घेतले होते. अशी वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण ती झाली. भूतकाळ सरदारांचा, भविष्यकाळ प्राध्यापकांचा!

योगायोग असा की 'द फॉरेव्हर वॉर' हीही पुस्तकरूपाने १९७४चीच. 'कृष्णविवर' आणि ही कादंबरी या दोहोंच्या मुळाशी भौतिकी एकच आहे: काळाची गती सर्वत्र सारखी नसते. हॉल्डेमन व्हिएतनाममध्ये लढून जखमी होऊन आलेला. त्याचा मंडेला हा सैनिक मोजक्या वर्षांची नोकरी करून परततो तेव्हा पृथ्वीवर शतके उलटलेली असतात, ज्या समाजासाठी लढलो तो समाज उरलेला नसतो, आणि अखेरीस कळते की अकराशेहून अधिक वर्षे चाललेले ते युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते. मराठी कथेने त्या भौतिकीतील विस्मय घेतला. दुसरीने त्यातील अन्याय. ही तुलना नारळीकरांना कमी लेखण्यासाठी केलेली नाही. विस्मयाची आपल्याकडे गरज होती, आणि ती त्यांनी ज्या प्रासादिक भाषेत भागवली तिचे ऋण आपण मान्यच केले पाहिजे. पण प्रवाहाने त्यानंतर दुसरा तीर पाहिलाच नाही, हेही खरे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या संदर्भात पुन्हा वाचावी अशी आहे. इतिहासाचा प्राध्यापक अशा एका जगात जातो जेथे विश्वासरावाला गोळी लागत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. मराठी विज्ञानकथेने रणभूमीवर पाऊल ठेवले ते असे. परंतु पाहा, येथेही सेनानी पडद्याआडच राहतो. गोळी हुकते ती योगाने, भाऊच्या निर्णयाने नव्हे. कथेचे कुतूहल पर्यायी विश्वांच्या शक्यतेत गुंतलेले आहे. ती सूत्रे उलगडताना भाऊने ते क्षण कसे काढले असतील हा प्रश्न तिला पडत नाही, पडण्याचे कारणही नाही. 'व्हायरस'मध्ये (१९९६) संकट बाहेरून येते, ते निवारण्याची सूत्रे मात्र पुन्हा शास्त्रज्ञांच्याच हाती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो गंभीर आहे. सेनानी विज्ञानकथेत आला तर जयघोष करीतच येईल. हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'ने (१९५९) लष्करी शिस्तीलाच नागरिकत्वाचे माप ठरवले, तसे आपल्याकडेही घडेल. पानिपताचा सूड एखाद्या तारकासमूहात उगवला जाईल. ही भीती मला निराधार वाटत नाही. इतिहासातील जखमांवर भविष्यातील विजयाचे लेप लावणारे साहित्य लिहिणे सोपे, आणि खपवणे त्याहून सोपे. मात्र यावर उपाय सेनानीला दाराबाहेर ठेवण्याचा नसून त्याला योग्य इतिहास देण्याचा आहे.

तो इतिहास पानिपताचा नसावा, आरमाराचा असावा. ताफ्याच्या अधिपतीची मराठी कथा शोधायची तर ती कोकणच्या किनाऱ्यावर आहे. कान्होजी आंग्रे सरखेल यांच्यावर मनोहर माळगावकरांनी १९५९मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. ती पराक्रमाची गाथा आहे. परंतु साहित्याच्या दृष्टीने अधिक अवघड व्यक्ती कान्होजींचा पुत्र तुळाजी. १७५५मध्ये पेशव्याने त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. एका गलबतावर पडलेल्या गोळ्याने आग लागली आणि ती पसरत जाऊन आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच संपला. स्वतःच्याच राज्याने परक्याच्या हाताने जाळलेला ताफा, उद्दाम म्हणून नकोसा झालेला अधिपती, आणि समुद्र कायमचा गमावल्याचे भान फार उशिरा आलेली राजधानी! तुळाजी निर्दोष नव्हता. म्हणूनच तो कादंबरीचा विषय आहे. ऐतिहासिक कादंबरीत त्याच्याविषयी लिहिताना पेशवे की आंग्रे असा पक्ष घ्यावा लागतो आणि घराण्यांच्या, जातींच्या आजच्या मानापमानात लेखणी अडकते. तोच प्रश्न दूरच्या एखाद्या ग्रहमालेत नेला की वंशावळी गळून पडतात. उरतो तो आज्ञेचा आणि विश्वासाचा प्रश्न.

गंमत अशी की विज्ञानकथेने हा मार्ग एकदा घेतलेला आहे, आणि तो आमच्या गावावरून जातो असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. पारोळ्याचा भुईकोट किल्ला हा जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७मध्ये बांधला असे मानतात. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशी पारोळ्याच्या जहागिरीचे नाते सांगितले जाते. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला निकामी करून टाकला. खंदक आणि तट आजही उभे आहेत. जूल व्हर्नच्या पाणबुडीचा अधिपती कॅप्टन निमो आपल्याकडील पिढ्यांना भा. रा. भागवतांसारख्या लेखकांनी व्हर्नचे जे जग मराठीत उघडले त्यातून परिचित आहे. हा निमो कोण, हे व्हर्नने पहिल्या कादंबरीत सांगितले नव्हते. 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये (१८७४–७५) उलगडा होतो: तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७मध्ये लढून सर्वस्व गमावलेला. व्हर्नने त्याला टिपूचा पुतण्याही केले आहे, जे कालगणनेत बसवणे कठीण. फ्रेंच लेखकाकडून तेवढी वंशावळ अचूक मिळेल अशी अपेक्षा नको. महत्त्वाचे एवढेच की उठावात हरलेला एक हिंदी सेनानी जमीन गमावल्यावर विज्ञानाच्या बळावर समुद्राखाली राज्य उभारतो, आणि न्याय व सूड यांतील रेषा त्याला स्वतःलाही धड दिसत नाही. झाशी बुंदेलखंडातच येते. म्हणजे विज्ञानकथेतील आद्य थोर नौकाधिपतींपैकी एकाचे दुःख ज्या उठावातून आले, त्याच उठावाने आमच्या किल्ल्याचे दरवाजे उखडले.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो किल्ल्याजवळच राहत असूनही त्याला निमोचे मूळ ठाऊक नव्हते. मला तरी कोठे होते. चाळिशी ओलांडल्यावर कळले. त्याचा विषय आता थोडा बदलून पुन्हा सादर झाला आहे. शीर्षकातून 'विज्ञानकथा' हा शब्द काढला तर मान्यता सुलभ होईल, असे त्याला कोणीतरी सुचवले होते. त्याने तो काढलेला नाही. त्याची आई शीर्षक वाचून काय म्हणाली, हे मात्र तो सांगत नाही.