सायलेन्सरातली अश्वशक्ती

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा सायलेन्सर बदलला की तिची ताकद दहा-वीस अश्वशक्तींनी वाढते, ही समजूत हौशी मोटारमालकांत आणि त्यांना सुटे भाग विकणाऱ्यांत इतकी मुरली आहे की तिला पुरावा मागणाराच अडाणी ठरतो. या पूर्वपक्षाच्या दोन शाखा आहेत. पहिलीच्या मते जळालेला वायू बाहेर पडताना इंजिनाला थोडा अडथळा, म्हणजे ‘बॅक प्रेशर’, हवाच असतो आणि तो नाहीसा झाला तर खालच्या वेगातली ओढ जाते; दुसरीच्या मते सायलेन्सर, उत्प्रेरक सगळे काढून सरळ नळी बसवावी आणि आवाज जितका मोठा तितकी ताकद जास्त समजावी. दोन्ही मते परस्परविरोधी असूनही एकाच दुकानात गुण्यागोविंदाने नांदतात, कारण ग्राहक काय विकत घ्यायला आला आहे त्यावर कोणते सांगायचे ते ठरते.

पहिल्या मताचा उगम टर्बो नसलेल्या इंजिनात आहे. तिथे एका सिलिंडरमधून सुटलेल्या वायूची दाबलहर नळीत धावते आणि नळीची लांबी व व्यास योग्य असतील तर ती पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून काढण्यास मदत करते. नळी अवाजवी रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, हा लाभ हरपतो आणि खालच्या वेगातली ओढ खरोखरच घटते. मात्र घटीचे श्रेय वेगाला न देता अडथळ्याला दिले गेले आणि तिथून ही समजूत पसरली. टर्बो इंजिनात तिला काडीचाही आधार नाही. टर्बोचार्जरमधले टर्बाइन, म्हणजे जळालेल्या वायूच्या जोरावर मिनिटाला दोन लाखांपर्यंत फेरे घेऊ शकणारे चक्र, आपल्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांच्या गुणोत्तरावर काम करते. समजा, आधीचा दाब 2.4 बार आणि नंतरचा 1.3 बार असेल, तर गुणोत्तर सुमारे 1.85 भरते; नंतरचा दाब 1.1 बारवर आणला तर तेच 2.2 च्या आसपास जाते. टर्बाइननंतरचा अडथळा जितका कमी तितके चक्र लवकर वेग घेते, आणि या बाबतीत तरी दुसऱ्या शाखेचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु ते बरोबर असूनही त्यातून ताकद निघत नाही, कारण टर्बो इंजिनात किती हवा आत जाईल हे नळी ठरवत नाही, संगणक ठरवतो. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय हे याचे चांगले उदाहरण आहे. 2013 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे 1.2 लिटरचे इंजिन 105 अश्वशक्तीचे होते आणि त्याचा टॉर्क, म्हणजे आस फिरवणारे पीळबल, 1500 ते 4100 फेऱ्यांपर्यंत 175 न्यूटनमीटरवर स्थिर असल्याचे कंपनीच्या पत्रकात नोंदवलेले होते. कोणत्याही इंजिनाचा टॉर्क निसर्गतः असा टेबलासारखा सपाट नसतो. तो सपाट आहे याचाच अर्थ संगणकाने तिथे मर्यादा घातली आहे: टर्बोचा दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला की तो वेस्टगेट नावाची झडप उघडतो आणि जादा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर जाऊ देतो. अशा गाडीला मोकळी नळी बसवली तर तोच दाब कमी श्रमात मिळतो, झडप थोडी आधी आणि थोडी जास्त उघडते, सिलिंडरला वायू ढकलून देण्यास कमी कष्ट पडतात. पण सपाट रेषा सपाटच राहते. लाभ होतो तो टर्बो थोडा लवकर जागा होण्याचा आणि वरच्या वेगातला किरकोळ. वीस अश्वशक्तींची जाहिरात या रेषेला येऊन आपटते.

त्यातही बदलला जातो तो बहुधा सर्वांत मागचा डबा, म्हणजे जिथे अडथळा सर्वांत कमी असतो ती जागा. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू कित्येक शे अंश सेल्सिअस तापमानाचा, म्हणून फुगलेला असतो. मागे जाईपर्यंत तो थंड होऊन आकसतो आणि त्याच व्यासाच्या नळीतून सहज जातो. खरी कोंडी टर्बाइनला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये आणि त्यातल्या उत्प्रेरकात असते. तो काढून टाकण्याचा सल्ला इथूनच जन्म घेतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करणारा हा प्लॅटिनम गटातील धातूंचा लेप असलेला मधपोळ्यासारखा ठोकळा आहे. मूळ ठोकळ्यात चौरस इंचाला साधारण 400 ते 600 छिद्रे असतात, तर स्पर्धेसाठीच्या ठोकळ्यात 200. मोठ्या छिद्रांचा ठोकळा रुंद नळीत बसवला तर बहुतेक कोंडी सुटते आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला तो पूर्णपणे काढून मिळणारा उरलेला फायदा जाणवण्याइतका मोठा राहत नाही. पीयूसी मिळाले म्हणजे गाडी स्वच्छ, हा युक्तिवादही टिकणारा नाही: त्या तपासणीत पेट्रोल गाडीची नायट्रोजन ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत.

आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच फटाके वाजावेत म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा देऊन नळीतच इंधन जाळण्याची जी सोय पैसे देऊन करून घेतली जाते, तिने टर्बाइन आणि उत्प्रेरक भाजून निघतात; ताकद तसूभरही वाढत नाही.

याउलट, कारखान्याने जे दिले त्याला हात लावणे म्हणजेच गुन्हा, असे मानणारा सनातनी पक्षही तपासून पाहिला पाहिजे. हेच 1.2 लिटरचे इंजिन युरोपात 86 आणि 105 अशा दोन अश्वशक्तींत विकले जात होते आणि त्यांतला फरक प्रामुख्याने संगणकातल्या आकड्यांचा होता. स्वतः कंपनी जे करते ते तत्त्वतः निषिद्ध कसे ठरेल? मात्र कंपनीने राखून ठेवलेली ताकद ही लबाडीने लपवलेली असते, हे ट्यूनरांचे आवडते विधानही तितकेच पोकळ आहे. भारतात साधे पेट्रोल दीर्घकाळ 91 ऑक्टेनचे मिळत होते आणि विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा हवेत टर्बोचा दाब वाढवला की सिलिंडरमधल्या मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकू शकतो; यालाच नॉकिंग म्हणतात. संगणक ते ऐकतो आणि ठिणगी मागे खेचतो, म्हणजे कागदावर वाढलेली ताकद उकाड्यात परत घेतो. स्वीडनच्या साब कंपनीने 1980 च्या दशकाच्या आरंभीच नॉकिंग ऐकून टर्बोचा दाब बदलणारी यंत्रणा बाजारात आणली होती, ती याच कारणासाठी. राखीव अंतर ठेवलेले असते ते वाईट पेट्रोल, चढा घाट आणि निष्काळजी मालक यांच्यासाठी, आणि त्यातले किती वापरायचे हा हिशेबाचा प्रश्न आहे.

तो हिशेब मांडायचा तर क्रम उलटा करावा लागतो. आधी गाडीतला सर्वांत दुबळा भाग शोधावा: पोलो जीटीच्या सात गिअरांच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या डीक्यू200 पेटीची निर्मात्याने सांगितलेली मर्यादा 250 न्यूटनमीटर आहे, म्हणून रीमॅपची, म्हणजे संगणकातल्या आकड्यांच्या फेरमांडणीची, कमाल मर्यादा इंजिन ठरवत नाही, ती पेटी ठरवते. मग इंधन: इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचे पेट्रोल आणले, पण ते मोजक्याच पंपांवर मिळते आणि त्यावर बेतलेला रीमॅप गावाकडच्या पंपावर निरुपयोगी ठरतो. मग टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मग रीमॅप, आणि संगणकाने अधिक हवा मागितल्यावर जर नळी आड येत असेल तर, उत्प्रेरक राखून, डाउनपाइप. मागचा डबा या यादीत सर्वांत शेवटी येतो, आणि आला नाही तरी बिघडत नाही.

मोजणीच्या बाबतीतही सैलपणा फार आहे. डायनोवर, म्हणजे चाके रुळांवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांशी मोजलेला आकडा काही टक्के ‘तूट’ गृहीत धरून फुगवला जातो. त्यावर हवामानाची दुरुस्ती म्हणून आणखी भर घातली जाते, आणि ही दुरुस्ती मुख्यतः टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी बेतलेली असते, तर टर्बो इंजिनाचा संगणक पातळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करतो. एकाच यंत्रावर, त्याच दिवशी, बदलाआधी आणि बदलानंतर घेतलेल्या ओळीने तीन धावा, सोबत आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरची मागे खेचलेली ठिणगी यांची नोंद, एवढे समोर ठेवले तरच तुलना ग्राह्य धरता येते.

कायद्याचा प्रश्न उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींसारख्या बंद जागी उत्प्रेरकाविना धावणाऱ्या गाडीबद्दल तांत्रिक वाद घालता येतो. तीच गाडी दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेणाऱ्याच्या बाजूने मात्र एकही तांत्रिक मुद्दा मांडता येत नाही, कारण रस्त्यावरच्या वाहतुकीत त्याला वरच्या वेगातला तो किरकोळ लाभ कधी मिळतच नाही.